हत्यारांची पेटी सगळ्यात शेवटी घ्या

आयटीआय झालं, दोन-तीन वर्षं एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काढली आणि आता स्वतःची कामं घ्यायची ठरलं, की बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती पेटीची. पुण्यात असतील तर बोहरी आळी, मुंबईत असतील तर नागदेवी स्ट्रीट. दुकानात दिसेल ती मोठ्यात मोठी टूलबॉक्स उचलायची, हलवून बघायची, पैसे द्यायचे. पुढे महिन्याभरात पेटी माळ्यावर जाते आणि हत्यारं सिमेंटच्या गोणीतून फिरू लागतात. पेटी वाईट नसते. ती रिकामी उचलून बघितलेली असते, एवढंच. भरल्यावर ती गाडीवर कुठे बसणार आणि लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी हत्यारं, मग त्यांचं वजन, मग गाडी, मग गाडीपासून कामापर्यंतची वाट आणि त्यानंतर पेटी. वायरमन, प्लंबर, एसी-फ्रिजवाले, सुतार, आरओ बसवणारे अशा गाडीवरून घरोघर जाऊन काम करणाऱ्या सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो.

पहिली पायरी : चादर पसरा

घरातली एक जुनी चादर जमिनीवर टाका आणि असतील नसतील ती सगळी हत्यारं तिच्यावर मांडा. तीन ढीग करायचे आहेत.

पहिल्या ढिगात प्रत्येक कामाला लागतंच ते. वायरमनचं म्हणाल तर टेस्टर, पक्कड, कटर, वायर सोलायचा स्ट्रिपर, दोन-तीन पेचकस, क्लॅम्प मीटर, हातोडी, टेप. प्लंबरचं म्हणाल तर पाइप पाना, स्लाइड पाना, हॅक्सॉ, छन्नी, टेफ्लॉन. दुसऱ्या ढिगात काही कामांना लागणारं : हॅमर मशीन, ग्रायंडर, एक्स्टेन्शन बोर्ड, ड्रिल बिटांचा डबा. तिसऱ्यात महिन्यातून एखाद्या वेळी हात लागतो ते, म्हणजे पाइप बेंडर, आटे पाडायचा डाय-सेट वगैरे.

तिसरा ढीग रोज गाडीत फिरवायचा नाही. ‘असू दे, कधी लागला तर’ हा विचार तुमच्या शॉक ॲब्झॉर्बरला आणि कमरेला महाग पडतो. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी तेवढं हत्यार वेगळ्या पिशवीत घालून न्या. फोनवर गिऱ्हाइकाला दोन प्रश्न जास्त विचारले आणि नळाचा किंवा बोर्डाचा एक फोटो मागवून घेतला, तर काय लागणार हे आदल्या रात्रीच कळतं.

आता तोला. सामान लटकवून तोलायचा हुकाचा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. अंदाजासाठी सांगायचं तर २६ मिमीचं रोटरी हॅमर (हॅमर मशीन) पावणेतीन-तीन किलोंचं असतं, चार इंची ग्रायंडर दीड ते दोन किलो, १८ इंची पाइप पाना अडीच किलोंच्या पुढे आणि एसीवाल्याचा व्हॅक्यूम पंप ५ ते १० किलो. पाच कप्प्यांची उघडमीट होणारी पत्र्याची पेटी रिकामीच चार-पाच किलो भरते, हे विसरू नका. तेवढ्याच जागेची प्लॅस्टिकची पेटी त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसते.

माझं मत सांगतो : पहिल्या ढिगाची पेटी हत्यारांसकट १० किलोंच्या आत बसली पाहिजे. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था वजन उचलण्याचं जे सूत्र देते, त्यात परिस्थिती आदर्श असतानाही २३ किलो ही वरची मर्यादा धरली आहे, आणि तीही दोन्ही हातांनी, वजन अंगाजवळ धरून, कंबर न पिळता उचललं तर. तुम्ही एका हातात पेटी, दुसऱ्या हातात शिडी घेऊन जिना चढणार. त्याच्या निम्मंदेखील जास्तच म्हणायचं.

दुसरी पायरी : गाडी काय सोसते

नव्यांपैकी बहुतेकांची गाडी दुचाकीच असते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

गाडीच्या पुस्तिकेत कमाल भाराचा आकडा असतो. त्यात तुम्ही, मागे बसणारा मदतनीस आणि सामान असे तिघंही धरलेले असतात. तुम्ही ७० किलो, मदतनीस ६५, झाले १३५. सामानासाठी काय उरलं ते पुस्तिका उघडून बघा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर फारसं उरत नाही. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेली हवा असते, ती रोज सामान नेणाऱ्याने भरून ठेवावी.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे आणि जितकं खाली तितकं चांगलं. आसाच्या मागे टांगलेलं ओझं पुढचं चाक हलकं करतं. मग वेग वाढला की हँडल थरथरतं आणि खडीवर ब्रेक मारला की पुढचं चाक धरत नाही. लोकांना आवडणारा टॉप बॉक्स नेमका याच वाईट जागी, वर आणि मागे, बसतो. म्हणून लहान टॉप बॉक्सवर कंपन्या ३ किलोंच्या आसपास आणि मोठ्यांवर १० किलोंपर्यंत मर्यादा लिहितात. डब्याच्या आतलं स्टिकर वाचा. मीटर, चार्जर, बिलबुक, रेनकोट यांना टॉप बॉक्स ठीक आहे. पाने-हातोड्यांसाठी नाही.

नियमही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये मोटरसायकलवरच्या हलक्या कंटेनरला मापं ठरवून दिली : लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी, उंची ५०० मिमी, याच्या आत. कंटेनर मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर फक्त चालकाने बसायचं, सीटच्या मागे बसवला तर दुसरा माणूस चालतो. फॅब्रिकेटरकडून डबा करून घेणार असाल तर ही मापं कागदावर लिहूनच त्याच्याकडे जा.

मोटरसायकलला मला सगळ्यात पटतो तो दोन्ही बाजूंना लोंबणारा जाड कॅनव्हासचा झोळ. वजन खाली राहतं आणि दोन बाजूंना वाटलं जातं. मात्र दोन्ही बाजू तोलून सारख्या भरा, आणि सायलेन्सर ज्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे बहुधा उजवीकडे, तिकडचा झोळ त्याला चिकटत नाही ना हे गाडीवर माणूस बसवून तपासा, कारण वजनाने शॉक दबले की अंतर कमी होतं. डावीकडे साडी गार्ड असतोच. झोळ चाकात जाऊ नये म्हणून तो उपयोगी पडतो, काढून टाकू नका.

स्कूटरवाल्यांची सोय वेगळी. ॲक्टिवाची सीटखालची जागा १८ लिटर आहे, पहिला ढीग बराचसा तिच्यात मावतो आणि कुलूपही आपोआप लागतं. पण खाली इंजिन असतं. इन्सुलेशन टेप तिथे चिकट होऊन वितळल्यासारखी होते, मशीनच्या बॅटऱ्या तर तिथे ठेवूच नयेत. पुढच्या पायफळीवर अरुंद पेटी उभी ठेवता येते. वजन खाली, दोन चाकांच्या मध्ये, ही जागा उत्तमच. अट एकच : पेटी बांधलेली हवी आणि दोन्ही पाय फळीवर टेकले पाहिजेत. पाय बाहेर लोंबकळत गाडी चालवायची वेळ आली, तर ती पेटी त्या स्कूटरची नव्हे. आणि खरं सांगायचं तर नुसता धंद्याचा विचार केला तर टीव्हीएसची एक्सएल मोपेड या सगळ्यांना भारी आहे. समोर सपाट जागा, मागची सीट निघते. दिसायला रुबाबदार नाही म्हणून पोरं ती घेत नाहीत.

पाठीवरच्या सॅकबद्दल सावधगिरी. हत्यारांची कप्पेवाली सॅक जिना चढायला छानच, दोन्ही हात मोकळे राहतात. पण दुचाकी चालवताना छन्नी, पेचकस, करवत पाठीच्या कण्याला टेकून ठेवू नका. पडलात तर त्या हत्यारांवरच पडाल. सॅक सीटवर बांधा, उतरल्यावर पाठीला लावा.

एसीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गॅसने भरलेली सिलिंडरं दुचाकीवरून न्यायला गॅस सिलिंडर नियमांत मनाई आहे. सर्रास नेली जातात हे सगळ्यांना माहीत आहे. आता घरगुती एसीत जो आर-३२ गॅस असतो तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. सिलिंडर चारचाकीतून, उभं, बांधून, झडपेची टोपी लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून न्यावं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते सोडून जाऊ नये.

कारचं थोडक्यात. सीएनजी किट असेल तर डिक्कीची निम्मी जागा टाकीने खाल्लेली असते. काही नव्या मॉडेलांत तळाशी जोड-सिलिंडर असल्याने जागा उरते, पण जुन्या हॅचबॅकमध्ये मोठी चौकोनी पेटी जातच नाही. तिथे दोन लहान पेट्या किंवा कापडी बॅगा घ्या. टाकीवर किंवा तिच्या झडपेला टेकवून काहीही ठेवू नका. पेटी लहान असेल तर कारमधली तिची सगळ्यात सुरक्षित जागा डिक्की नव्हे, पुढच्या सीटच्या मागची पाय ठेवायची जागा. तिथून ती कुठेच जात नाही.

ईको किंवा जुनी ओम्नी असेल तर चालक आणि सामान यांच्यात जाळी किंवा प्लायची आडभिंत पाहिजे. छोटा हत्ती किंवा तसला उघडा टेम्पो असेल तर केबिनच्या लगेच मागे, आडवी, पत्र्याची पेटी करून घेतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी १८ गेजच्या म्हणजे साधारण १.२ मिमी पत्र्यात केली तर नुसता पत्राच २५ किलो होतो. १६ गेजमध्ये ३३च्या आसपास. शहरातल्या कामाला १८ गेज पुरतं, फक्त कडांना अँगल लावून घ्या. झाकणाची कड बाहेरून खाली वळलेली हवी, म्हणजे पाणी आत उतरत नाही, आणि तळाला कोपऱ्यांत दोन बारीक भोकं ठेवा. पेटी बोल्टने बसवा, वेल्डिंग करू नका. बोल्टाखाली रुंद वॉशर, आणि भोक पाडण्याआधी खालून वायरिंग किंवा डिझेलचा पाइप जात नाही ना हे वाकून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. काढता येणारी पेटी त्या दृष्टीनेही बरी.

तिसरी पायरी : गाडी लावली, पुढे काय

तुमची नेहमीची कामं कुठे असतात? बंगले आणि दुकानं असतील तर गाडी दारात जाते. जुन्या पेठा, चाळी, चार मजली सोसायट्या असतील तर शंभर पावलं चालून मग जिना. टॉवर असेल तर वॉचमन गाडी बाहेर लावायला सांगतो आणि सामान सर्व्हिस लिफ्टने. यावरूनही पेटीचा आकार ठरतो, नुसता गाडीवरून नाही.

जिने जास्त असतील तर उघड्या तोंडाची, मध्ये दांडा असलेली कापडी टोट बॅग किंवा सॅक. सपाट चालणं जास्त असेल तर चाकांची पेटी, पण तिची चाकं बघून घ्या. विमानतळावरच्या बॅगांसारखी बारीक चाकं आपल्या पेव्हर ब्लॉकवर आणि गटाराच्या झाकणावर आठवडा काढत नाहीत. पंधरा सेंमीच्या पुढचं रबरी चाक असेल तरच पैसे द्या.

चौथी पायरी : आता पेटी

पत्र्याची पेटी दणकट, उष्णतेला न घाबरणारी आणि दुरुस्त होणारी. पण जड, खडखडणारी, कोकणच्या हवेत गंजणारी, आणि गिऱ्हाइकाच्या नव्या टाइल्सवर ओढली की ओरखडा हमखास. फिटर, गॅरेजवाले, टेम्पोवाले यांनी घ्यावी. प्लॅस्टिकची हलकी आणि न गंजणारी, पण स्वस्तातली असेल तर बिजागरी आणि खटका आधी जातात. कापडी बॅग हलकी, गाडीत कुठेही कोंबता येणारी, पण पावसात उपयोग नाही आणि कुलूप तर नाहीच.

एकमेकांवर अडकवायच्या पेट्यांची हौस हल्ली सगळ्यांनाच आहे. जर्मनीत १९९३ मध्ये सिस्टेनर आले, मग बॉशची एल-बॉक्स, डीवॉल्टची टफसिस्टम, २०१७ मध्ये मिलवॉकीची पॅकआउट. खटके लावले की तीन-चार पेट्यांचा एकच गठ्ठा होतो, चाकांवर ढकलत नेता येतो. गोष्ट उत्तम आहे, यात शंका नाही. पण एका कंपनीची पेटी दुसरीवर सहसा बसत नाही, म्हणजे पहिली घेतलीत की पुढच्या सगळ्या तिथूनच, आणि एकेक पेटी काही हजारांची. व्हॅन येईपर्यंत यांच्या नादी लागू नका. एल-बॉक्सचा तळच साधारण ४४ बाय ३६ सेंमी आहे. तो स्कूटरच्या पायफळीवर ठेवून बघा, म्हणजे उत्तर मिळेल.

विकत घेण्याआधी एक बिनपैशाचा उपाय करा. मनात असलेल्या पेटीची मापं दुकानातून किंवा वेबसाइटवरून लिहून घ्या आणि तेवढा पुठ्ठ्याचा खोका बनवा. तो गाडीवर ठेवा, बांधा, गाडी वळवा, उतरा, चढा. डिक्कीचं झाकण बंद होतं का बघा. शंभरातल्या निम्म्या चुकीच्या खरेद्या या खोक्यावरच थांबतील.

दुकानात गेलात की पेटीत वजन टाकून उचला. दुकानदाराकडे नट-बोल्टची पुडकी असतातच. आठ-दहा किलो घालून मूठ धरा, मिनिटभर उभे राहा. मूठ बोटांत रुतत असेल तर ती पुढेही रुतणार. बिजागरीत धातूची आरपार सळई आहे की प्लॅस्टिकचीच घडी, ते बघा. कुलपाचं भोक झाकण आणि तळ दोन्हींतून जातं का तेही बघा. काही पेट्यांत ते नुसतं खटक्यात असतं आणि पेचकसाने खटका उचकटता येतो. स्क्रू-प्लग ठेवायचा कप्प्यांचा डबा घेत असाल तर दोन कप्प्यांत वेगवेगळे स्क्रू टाका, झाकण लावा आणि डबा उलटा करून हलवा. स्क्रू एकमेकांत मिसळले तर तो डबा दुचाकीवरून जायच्या लायकीचा नाही.

वेष्टनावर आयपी६५ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्याचा, ५ म्हणजे सर्व बाजूंनी पाण्याचा फवारा सोसतो. झाकण नीट बंद असेल तरच, आणि रबरी पट्टीत वाळूचा कण अडकलेला नसेल तरच.

पाचवी पायरी : बांधणी

ताशी ५० किमीने जाणाऱ्या गाडीत सुटी ठेवलेली पेटी समोरून धडक बसली तर किती जोराने आदळते? जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकल्यासारखी. ती कुणाच्या डोक्यामागे आहे याचा विचार करा.

माल बांधण्याचे युरोपातले आणि ऑस्ट्रेलियातले नियम एक सोपं माप देतात : पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट ओढ बसली तरी माल हलता कामा नये. वीस किलोंच्या पेटीला पुढच्या दिशेने सोळा किलोंचा हिसका. हुकाची रबरी दोरी किंवा ट्यूबचा पट्टा रेनकोटाला आणि हलक्या सॅकला ठीक. पेटीला न ताणणारा नायलॉनचा बकलवाला पट्टा किंवा खटक्याने आवळायचा रॅचेट बेल्ट हवा, आणि तोही दोन दिशांनी. पट्टा कडेवर घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. निघाल्यावर पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर एकदा थांबून ताण बघा, कारण सामान बसतं आणि पट्टा सैल होतो.

कारच्या डिक्कीत पेटी मागच्या सीटच्या पाठीला भिडवूनच ठेवा, मध्ये अंतर नको. मागे कुणी बसलं नसेल तरी मागचे सीट बेल्ट लावून ठेवा. पाठ मोडून पुढे यायला तेवढाच अडथळा होतो.

ऊन, पाऊस आणि चोर

लिथियम बॅटऱ्या ५० अंशांच्या वर ठेवू नका असं कंपन्याच सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत हा आकडा सहज ओलांडला जातो. बॅटऱ्या आणि मीटर यांच्यासाठी एक लहान कापडी पिशवी वेगळी ठेवा आणि गाडी सोडताना ती खांद्याला लावून न्या. जेवायला बसलात तरी.

पावसाळ्यात हत्यारं ओली गेली तर पेटी बंद ठेवू नका. रात्री घरी झाकण उघडं टाका, पक्कड आणि पाने मशीन ऑइलच्या फडक्याने पुसा. सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. (हा तवा पुन्हा पोळीसाठी नाही.) पत्र्याच्या पेटीच्या तळाला रबरी मॅट घाला, खडखडाटही कमी होतो.

चोरी बहुतेक वेळा कुलूप तोडून नव्हे, कुलूप न लावल्याने होते. दुसरा ढीग, म्हणजे मशीनं, रात्री गाडीत ठेवू नका. गाडीच्या नेहमीच्या विम्यात आतली हत्यारं धरलेली नसतात. प्रत्येक मशीनच्या नावाच्या पट्टीवर सिरियल नंबर असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, कारण पोलिसांत तक्रार देताना ‘निळं ड्रिल’ एवढं सांगून भागत नाही. हातहत्यारांच्या दांड्यांवर एकाच रंगाचा ऑइल पेंटचा पट्टा ओढा. एकाच साइटवर सुतार, रंगारी आणि तुम्ही अशा तिघांच्या पकडी फिरत असतात, आणि संध्याकाळी कुणाची कुठली यावरून होणारी कटकट त्या पट्ट्याने मिटते. झाकणाच्या आत पहिल्या ढिगाची यादी चिकटवा आणि गाडी सुरू करण्याआधी तिच्यावरून नजर फिरवा.